दीपमालाने न शोधलेलं कृष्णविवर

दुसरबीडला लग्न होऊन आली तेव्हा दीपमालाकडे बी.एस्सी.ची पदवी होती, पण त्या घरात तिचा कुणाला उपयोग नव्हता. नवरा गोपाल पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, सासरे शेषराव शेत पाहायचे. दुपारची भांडी आवरली की दीपमाला मोबाइल घेऊन बसायची. सासऱ्यांना ते आवडत नसे. "काय त्या डबड्यात डोकं घालून बसते हे पोरगी," असं ओसरीवरून तिला ऐकू जाईल इतपत ते बोलत.

ती त्यात आकाशगंगा पाहायची. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेले फोटो एका संकेतस्थळावर येत आणि देशोदेशीची साधी माणसं त्यांवर खुणा करत. विचारलेलं एवढंच असे, की चक्रासारख्या आकाशगंगेच्या मधोमध ताऱ्यांची सरळ दांडी दिसते का? काहींचे ताऱ्यांचे वळलेले हात गोल गाभ्यातून निघतात, काहींचे अशा दांडीच्या टोकांपासून. ही दांडी वायू आतल्या बाजूला ढकलते. तोच वायू मध्यावरच्या प्रचंड कृष्णविवराला पोसतो का, हे शास्त्रज्ञांना तपासायचं होतं. दीपमालाला हे काम आवडायचं. धूसर फोटोतली दांडी सापडली की तिला कुणालातरी हाक मारून दाखवावंसं वाटे, पण घरात तसं कुणी नव्हतं.

मग एक दिवस संशोधकांची मेल आली. अभ्यास छापून आला होता आणि मदत करणाऱ्या हजारो लोकांच्या नावांत तिचंही नाव होतं. गोपालने ते कौतुकाने गावच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत एका स्थानिक पेपरचा माणूस घरी आला.

"म्हणजे कृष्णविवर तुम्हीच शोधलं, असं म्हणायचं ना?" त्याने विचारलं.

शेषराव शेजारीच बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे मान वर करून पाहत होते.

"तसंच काहीतरी," दीपमाला म्हणाली.

पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'दुसरबीडच्या सुनेने शोधले कृष्णविवर'. ग्रामपंचायतीत शाल-नारळ झाला. शेषराव बातमीचं कात्रण खिशात घालून फाट्यावर जायचे आणि ओळखी-अनोळखी माणसाला दाखवायचे. दुपारी ती मोबाइल घेऊन बसली की आता तेच म्हणायचे, "आवाज करू नका, तिचं काम चालू हाय." ते ऐकलं की दीपमालाचं चित्त फोटोवरून उडायचं. रोज ठरवायची, आज सांगू. रोज त्यांचा खुललेला चेहरा बघून गप्प राहायची. पुढे पुढे तर तिने खुणा करणंच सोडलं. नुसतीच पडद्याकडे बघत बसायची.

एका रविवारी उंद्रीहून सुचिता नावाच्या शिक्षिका पत्ता विचारत आल्या. त्याही त्याच संकेतस्थळावर खुणा करायच्या. बातमी वाचून मुद्दाम एसटीने आल्या होत्या.

"मला वाटायचं, की या भागात हे करणारी मी एकटीच," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. माझंही नाव आहे त्या यादीत, नुसतं नावापुरतं. पण तुम्ही प्रत्यक्ष शोध लावला. कसं जमलं, मला शिकवा ना ताई."

त्यांच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. खरंच शिकायला आल्या होत्या त्या. चहाचा कप दीपमालाच्या हातातच राहिला. दारात शेषराव उभे होते, कौतुकाने ऐकत.

"सांग नं त्याईले," ते म्हणाले.

"मी काही शोधलं नाही," दीपमाला म्हणाली. "तुमच्यासारखंच नाव आहे माझं. तुमच्याइतकंच. त्या पेपरवाल्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

सुचिताबाईंनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच झाली. शेषराव चपला घालून बाहेर गेले.

संध्याकाळी परतल्यावर ते तिच्याशी बोलले. रागावले नाहीत. "शोध नाही लागला तं नाही लागला. आमाले कोठं समजते त्यातलं," ते म्हणाले. "पण मी साऱ्या फाट्यावर सांगत फिरलो. तू रोज पाहत होती. मले एक डाव थांबोलं काऊन नाही?"

मान वर करून त्यांच्याकडे पाहणं दीपमालाला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पेपरवाल्याला फोन केला. दुरुस्ती आतल्या पानावर चार ओळींत आली. शाल परत करायला ती ग्रामपंचायतीत गेली, तर सरपंच म्हणाले, "राहू द्या वहिनी, परत घेऊन आमी काय करू?" मागे कुणीतरी हसलं. काही दिवस पोरं तिला पाहून 'कृष्णविवर आलं' म्हणायची. शेषरावांनी महिनाभर फाट्यावर जाणं टाळलं, आणि तिला त्या हसण्यापेक्षा हेच जास्त लागलं.

सुचिताबाई मात्र जाताना तिचा नंबर घेऊन गेल्या होत्या आणि फोन करत राहिल्या. एखादा फोटो अडला की त्या विचारत, "ही दांडी म्हणू की नको?" दीपमाला पुन्हा खुणा करू लागली.

परवा कुणी पाहुणा ओसरीवर बसला होता. सून काय करते, असं त्याने विचारलं.

"फोटो पाह्यते आभाळातले," शेषराव म्हणाले. "हजारो लोक पाह्यतात, त्यातली हे एक."

आत पोळ्या लाटताना दीपमालाने ते ऐकलं. त्यांनी अगदी खरं तेवढंच सांगितलं होतं, जे पेपरवाल्यासमोर तिला सांगता आलं नव्हतं. तिचे कान तापले आणि ती लाटणं थांबवून तशीच बसून राहिली.