जिंकल्यावर गप बसायचं

आम्ही क्योतोतली चार-पाच मराठी डोकी रविवारी कुणाच्या तरी घरी पोह्यांवर जमतो. पूर्वी व्हिसा, थंडी, कचऱ्याचं वर्गीकरण असल्या गप्पा चालायच्या. मी आणि मंजिरीने इथल्या एका युनिव्हर्सिटीत चित्रकलेला ॲडमिशन घेतली आणि बाकीच्यांची बोलतीच बंद झाली. एवढे किस्से साठले!

सगळ्याचं मूळ तिथला एक नियम. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कुणा कुलगुरूंच्या डोक्यातून निघाला, तो अजून चालू आहे. चित्रकला-शिल्पकलेवाल्यांनी केंडो शिकायचा, म्हणजे बांबूच्या तलवारीची लढत. आणि केंडोवाल्यांनी शाईचित्रं काढायची. परीक्षेच्या लढतीत एक पॉइंट मिळाल्याशिवाय आम्हाला डिग्री नाही. मला नवऱ्याच्या नोकरीचा आधार तरी होता, मंजिरीचं सगळं स्कॉलरशिपवर. डिग्री अडली की थेट कोल्हापूर!

*

केंडोत मारताना पोटातून ओरडावं लागतं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पुण्यात मी कधी ओरडले असेन तर रिक्षावाल्यावर. पण समोरच्याने हेल्मेटवर टोला हाणला आणि खणखणीत 'आई गंऽऽ' निघालं. निशिवाकी-सेन्सेई, आमचे सत्तरीतले कडक गुरुजी, कधी नव्हे ते खूश झाले. सगळ्यांनी असंच मनापासून ओरडावं, म्हणाले.

*

केंडो टीमचा धिप्पाड कॅप्टन शाईचित्राच्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा. काढलेली रेघ पुसता येत नाही हे कळल्यावर त्याने ब्रशच खाली ठेवला. तासभर कागद कोराच. शेवटी सर म्हणाले, अरे, हा कागद काही तुला उलटून मारणार नाही.

"तेच तर," तो म्हणाला. "मारलं असतं तर काय करायचं ते मला माहितीये."

*

मंजिरी कोल्हापूरच्या वस्तादांची मुलगी. पहिल्या परीक्षेत तिने असा फटका मारला की तिन्ही पंचांचे झेंडे वर. आणि बाईसाहेबांनी भर हॉलमध्ये मांडीवर शड्डू ठोकला! केंडोत जिंकल्याचा आनंद दाखवला की पॉइंट रद्द. झेंडे खाली, मंजिरी नापास.

सेन्सेई तिला एवढंच म्हणाले, "हरलेला माणूस तुझ्यासमोरच उभा असतो."

आता एकच संधी उरली होती, सहा महिन्यांनी. आणि हिचा हात काही ऐकेना. सरावात फटका बसला की हात मांडीकडे निघालाच. लहानपणापासूनची सवय ती, जाते कुठे! परीक्षा जवळ आली तशी तिची झोप उडाली.

*

त्यात तिचे आबा आले मुलीला भेटायला. नियम ऐकून उखडलेच. "जिंकल्यावर गप बसायचं व्हय? मग जिंकायचं कशापायी?"

परीक्षेला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. मंजिरीसमोर शिल्पकलेची एक लहानखुरी मुलगी होती, तिचीही शेवटचीच संधी. बराच वेळ दोघी नुसत्या एकमेकींना जोखत राहिल्या. मग मंजिरी झेपावली. झेंडे वर गेले.

तिचा हात तलवारीवरून सुटला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हात परत मुठीवर होता आणि ती वाकून नमस्कार करत होती. पास! आबा मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. ते त्या दुसऱ्या मुलीकडे बघत होते.

बाहेर सायकल स्टँडवर मंजिरीला राहवेना. तिने पाय रोवला, हात उचलला. आबांनी तिचं मनगट धरलं.

"थांब."

ती मुलगी तिथेच सायकलचं कुलूप काढत होती. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला ते लवकर जमेना. आम्ही तिघं मुकाट उभे राहिलो. शेवटी ती निघाली, सिग्नल ओलांडून कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली.

आबांनी मनगट सोडलं.

"हं. आता ठोक."