हिरवा चेहरा जवळ पडतो

आमच्या कंपनीत सगळ्यात आनंदी माणूस कोण, हे ठरवायला एक मशीन आहे, आणि त्या मशीनने यंदा हेमचंद्रला शोधून काढलं. मशीनला डोळे नसतात, तेव्हा ते सोडून देऊ. आम्हाला होते.

हेमचंद्र माझ्या गाडीतून ऑफिसला येतो. अल बर्शापासून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत मी बोलतो आणि तो 'हं' म्हणतो. पूर्वी असा नव्हता. पुण्याहून नवा आला तेव्हा मी कुठली लेन धरावी यावरून रोज भांडायचा, आणि सिग्नलला थांबलो की समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुठे फसल्यात ते सांगायचा. खिडक्यांचे नकाशे काढणं हे त्याचं कामच होतं. मग कंपनीने त्याला बढती दिली. आता एका टेबलावरचा इंजिनिअर त्याला नकाशा पाठवतो, हा त्यावर नंबर टाकतो आणि दुसऱ्या टेबलावरच्या इंजिनिअरला पाठवतो. ती दोन टेबलं एकमेकांना चिकटून आहेत. ते दोघं हात लांब करून नकाशा देऊ-घेऊ शकतील, पण मग हेमचंद्रच्या बढतीचं काय करायचं?

हळूहळू त्याचा डबा न उघडताच घरी परत जाऊ लागला. शनिवारी सोफ्यावर आडवा झालेला माणूस सोमवारीच उठायचा. मित्रांनी उपचार सुरू केले. एकाने व्हिटॅमिन डी सुचवलं, दुसऱ्याने पहाटे पळायला सांगितलं. तिसरा म्हणाला, अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पातल्या कामगारांकडे बघ, म्हणजे आपण किती सुखी आहोत ते कळेल. तो स्वतः मुसफ्फाला कधी गेलेला नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. हेमचंद्रची बायको प्रमिला म्हणायची, "एसीत बसून काम, दिरहममध्ये पगार, वर कंटाळा कसला येतो हो तुम्हाला?" यावर हेमचंद्र 'हं' म्हणायचा.

आता ते मशीन. या देशात बँकेपासून मॉलच्या बाथरूमपर्यंत सगळीकडे तुम्ही खूश आहात का हे विचारतात, मग आमची कंपनी कशी मागे राहील? संध्याकाळी निघताना कार्ड लावलं की पडद्यावर तीन चेहरे येतात: हिरवा हसरा, पिवळा मख्ख आणि लाल रडका. एक दाबल्याशिवाय दार उघडत नाही. पगार लांबला की मी लाल दाबतो. मग एचआरचा वासिफ मला केबिनमध्ये बोलावतो, पाण्याची बाटली देतो आणि "बी पॉझिटिव्ह" म्हणतो. पगार काही येत नाही. हेमचंद्रने मात्र वर्षभर एकदाही हिरव्याशिवाय काही दाबलं नाही.

वार्षिक समारंभ होता हॉटेलात, दुपारच्या जेवणाचा, कुटुंबासह. वासिफने माइकवरून पुकारलं, "हॅपिएस्ट एम्प्लॉयी ऑफ द इयर!" आणि हेमचंद्रच्या हातात एक कप आणि मॉलचं कूपन ठेवलं. प्रमिला माझ्या कानाशी म्हणाली, "दोनशे दिरहमचं आहे म्हणे. म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये झाले की!"

"हेमचंद्र भाई, सीक्रेट बताओ यार," वासिफ म्हणाला. "हम सब को खुश होना है."

हेमचंद्रने माइक घेतला. "सीक्रेट कुछ नहीं. ग्रीनवाला दरवाजे के पास है. रेड के लिए हाथ उधर तक ले जाना पडता है. उतना भी मन नहीं करता."

हॉल हसून लोटपोट झाला.

"सच में. किसी चीज का मन नहीं करता. सुबह उठने का भी नहीं."

आता तर शिट्ट्याच पडल्या. वासिफ डोळे पुसत म्हणाला, "क्या टायमिंग है, हबीबी!" आणि पुढच्या बक्षिसाकडे वळला. हेमचंद्र कप घेऊन खाली आला. इतक्या लोकांसमोर खरं बोलून माणूस जसा गेला तसाच परत आला. प्रमिलाने रुपयांचा हिशोब थांबवला होता.

परतताना ते तिघंही माझ्याच गाडीत होते. त्यांची मिहिका नववीत आहे. तिने कानातले इअरफोन काढले आणि विचारलं, "बाबा, वॉज दॅट अ जोक?"

"नाही."

"सो यू आर अ‍ॅक्चुअली सॅड?"

"हो गं," हेमचंद्र म्हणाला.

प्रमिलाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता दिरहम निघणार. पण ती म्हणाली, "कधीपासून?"

"मिहिका सहावीत होती ना, तेव्हापासून असेल."

"आणि मी आपली रोज विचारतेय, भाजी आवडली नाही का!" मला भडभडून आलं, म्हणून मी पुढच्या टॅक्सीवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी वासिफने हेमचंद्रच्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पॉझिटिव्ह व्हाइब्स'. त्याच दिवशी प्रमिलाने बर्शातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला फोन केला, "भावोजी, बुधवारी गाडी काढाल ना?"

हेमचंद्र आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते. क्लिनिकच्या दाराशी अर्थातच तेच तीन चेहरे. इथेही हिरवा दाराला लागून. प्रमिला दार धरून उभी राहिली, पण 'चला' म्हणाली नाही. हेमचंद्रचा हात सवयीने हिरव्याकडे गेला आणि थांबला. मग त्याने तो आणखी पुढे नेला आणि पिवळा चेहरा दाबला.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता तो म्हणाला, "येताना तू लेन चुकीची धरली होतीस."

मी अगदी बरोबर लेनमध्ये होतो. तरी घर येईपर्यंत त्याच्याशी भांडलो.