टॉक्सो निघाला तेव्हापासून

“टॉक्सोप्लाझ्मा पॉझिटिव्ह आहे,” दुर्गच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी सून पल्लवी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. तिच्या मानेत एक गाठ आली होती, म्हणून रक्त तपासलं होतं.

टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणजे एका बारीक जंतूचा आजार. मांजरीच्या विष्ठेतून तो मातीत जातो. न धुतलेल्या भाजीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून माणसात येतो. आईला बहुधा कळतही नाही, पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. एवढं ऐकल्यावर पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही.

मग अ‍ॅव्हिडिटी टेस्ट झाली. संसर्ग जुना की नवा, याचा तिच्यावरून अंदाज येतो; गरोदरपणातला नवा असेल तर बाळाला धोका. आमचा नवा असू शकतो, असं आलं. गोळ्या लगेच सुरू झाल्या.

भिलाईला घरी परतल्यावर शेजारणी पल्लवीच्या मांजरीला नावं ठेवू लागल्या. “कुठून आला ते सांगता येत नाही,” पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोणाला दोष देत बसू नका.”

पाचवा महिना लागल्यावर अ‍ॅम्निओसेंटेसिस ठरलं. पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात, त्यात जंतू शोधतात. गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. माझा मुलगा नको म्हणत होता.

पल्लवी म्हणाली, “मले मालूम पायजे. असं अंधारात नाही राहू शकत मी.”

तिला आत नेलं आणि मी बाहेर बुद्धाला शरण जाण्याचं त्रिसरण म्हणायला बसले. लहानपणापासून पाठ आहे. त्या दिवशी दुसऱ्या ओळीलाच अडकले.

पाण्यात जंतू सापडला नाही. तरी खात्री जन्मानंतरच, असं सांगितलं.

मुलगी झाली. तिच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे या जंतूशी लढणारी प्रथिनं, निघाल्या तेव्हा मला वाटलं, बाळालाही लागण झाली. बाळांचे डॉक्टर म्हणाले, “या आईकडून आलेल्या दिसतात. तसं असेल तर वर्षभरात उतरतील.” डोक्याची सोनोग्राफी चांगली आली. मग डोळ्यांचे डॉक्टर आतला पडदा तपासू लागले. आम्ही दोघी बाजूला बसून होतो.

“आई, तुमाले भेव नाही वाटत का?” पल्लवीने हळूच विचारलं.

“वाटते ना वं. पयल्या दिवसापासून वाटते.”

पडदा स्वच्छ होता. अँटिबॉडीही उतरत गेल्या आणि वर्ष झाल्यावरच्या तपासणीत उरल्या नाहीत. त्या सगळ्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका, पुढच्या तपासण्या टाळू नका. आणि सुनेसमोर उगाच धीट चेहरा करून बसू नका. मला भीती वाटते हे मी बोलले, तेव्हा कुठे पल्लवी माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली.