बाटलीतले बुडबुडे

ऑक्सिजन सिलिंडरच्या चावीवर धवळूचा हात होता. मी तो मनगटाला धरून खेचला.

"काय करतोस रे?"

"चालू केला, डाक्टर. हिचं ओठ काळं पडलं व्हतं."

मला ते खरं वाटलं नाही. चार दिवस माझी त्याच्यावर नजर होती.

पेठकडच्या डोंगरातून तो बायकोला घेऊन आला होता. मंजुळा, वय चाळिशीचं. बिनखिडकीच्या घरात चुलीपुढे बसून फुफ्फुसं धुराने खराब झालेली. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी नाशिकच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर होतो. सकाळच्या राउंडला जावं तर ऑक्सिजनची नळी उशाशी पडलेली, ओठ जांभळे, पायांची सूज कालच्यापेक्षा जास्त. धवळूचं रोज एकच, "घरी कधी सोडता? आवणी आलीय." भाताच्या लावणीसाठी ह्याला बाई जड झालीय, असा अर्थ मी परस्पर लावून टाकला.

दुखणं फुफ्फुसात आणि सूज पायावर, हे कसं? ऑक्सिजन कमी पडला की शरीरात इतर ठिकाणी रक्तवाहिन्या रुंद होतात. फुफ्फुसात उलट. तिथल्या आखडतात. ज्या कोपऱ्यात हवा नाही तिथे रक्त पाठवून काय उपयोग? एखादाच कोपरा बंद असेल तर हे शहाणपणाचं आहे. मंजुळाच्या सगळ्या फुफ्फुसातच हवा अपुरी होती. त्यामुळे सगळ्याच वाहिन्या आखडायच्या आणि हृदयाच्या उजव्या बाजूला त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलावं लागायचं. ती बाजू थकते, मागे रक्त तुंबतं, पाय सुजतात. यावर थोडा पण सतत ऑक्सिजन हवा. तोडून तोडून दिला तर वाहिन्या पुन्हा पुन्हा आखडतात.

मी मोठ्या सरांकडे गेलो.

"सर, नवरा ऑक्सिजन बंद करतोय."

"बघितलंस तू?"

"हात चावीवर होता."

"मग वॉर्डाबाहेर ठेव त्याला."

धवळू फाटकाशी जाऊन बसला. भेटायच्या वेळेतही मी त्याला आत येऊ दिलं नाही.

दोन दिवसांत मंजुळा आणखी बिघडली. सूज गुडघ्याच्या वर गेली, मानेची शीर फुगली. आता नवरा तर बाहेर होता. मग मी कुसुम सिस्टरवर घसरलो, सगळ्या वॉर्डासमोर.

"नळी कोण काढतं?"

"मी. दम बसला की काढते."

"कोणाला विचारून?"

सिस्टरने केसपेपर पुढे केला. अक्षर माझं. 'ऑक्सिजन, एसओएस.' म्हणजे गरज पडली तरच. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन झाला तर श्वास मंदावतो, त्या धास्तीने पहिल्या दिवशी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या मागून चालता चालता मी "चालू राहू दे" म्हणालो होतो, पण कागदावर घेतलं नव्हतं. वॉर्डात बोललेलं चालत नाही, लिहिलेलं चालतं.

"गरज पडली की मला हाक मारायला तो बाप्या होता, डॉक्टर. मी दुसऱ्या खाटेवर असले तर स्वतः चावी फिरवायचा. चाळीस खाटांना मी एकटी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी धवळूला आत बोलावलं. आणि आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट केली. 'एसओएस' खोडून वर 'सतत, एक लिटर' लिहिलं, पहिल्याच दिवसाच्या तारखेखाली. सरांनी विचारलं, "ऑक्सिजन सतत होता ना?" मी "हो सर" म्हणालो. कुसुम सिस्टर समोरच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुळा गेली. सतत ऑक्सिजनने ती वाचलीच असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. वाचली नसती, असंही नाही.

कागदांवर अंगठा उठवताना धवळूने विचारलं, "डाक्टर, म्या चावीला हात लावला म्हून तर न्हाय ना झालं?"

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. मी शाईचा पॅड त्याच्यापुढे सरकवला.

मी त्याचा हात खेचला तेव्हा सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत नुकतेच बुडबुडे येऊ लागले होते. ऑक्सिजन चालू असला तरच ते येतात. मला ते दिसले होते.

आता मी कुठल्याही वॉर्डात शिरलो की आधी बाटली बघतो, माणसं नंतर.