अक्काचं शून्य

अक्का कुठलंही संगीत पुरतं ऐकून घ्यायची नाही. चार-दोन सूर वाजले की हातातली कात्री टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "शून्य." बाकीच्या बायका पाच मार्क द्यायच्या, सात द्यायच्या, एखादी खुशीत असली तर दहासुद्धा द्यायची. पण अक्काचं शून्य पडलं की स्पीकर बंद. कारण स्पीकर तिचा होता. मला ती बाई कधीच आवडली नाही. ती शेड सोडून गेली त्याला आता बरेच दिवस झाले, तरी माझं मत बदललेलं नाही. पण कात्री आपटल्याचा आवाज आला की मी अजून दचकते.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये आम्ही मशीनवर टॉवेलच्या कडा शिवतो. जितकं शिवू तितका पगार. अक्का तेलुगू, विणकराच्या घरातली आणि शेडमधली सगळ्यांत जुनी. गंगव्वा कन्नड बोलणारी, शबाना दखनी, मी माढ्याकडची. पूर्वी स्पीकरवर सिनेमाची गाणी लागायची आणि रोज भांडण व्हायचं. तेलुगू गाणं लागलं की गंगव्वा फुरंगटायची, मराठी लागलं की शबाना विचारायची, "आमचं कधी लागनार जी?" एकदा जेवणाच्या सुट्टीत शबानानं फोनवर गाड्या पळवायचा गेम उघडला. फोन स्पीकरला जोडलेलाच होता. सगळ्या शेडमध्ये ते संगीत धडाडलं आणि कुणीच कुरकुर केली नाही. अक्का म्हणाली, "हेच ऱ्हाऊ दे. शब्द आले की भांडान आलं. बिनशब्दाचं बरं हाय."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये फक्त गेमचं संगीत वाजतं. दर शनिवारी ज्या बाईची पाळी असेल तिनं नवीन काहीतरी आणायचं, सगळ्यांनी मार्क द्यायचे, आणि पसंत पडलं तर ते पुढचा आठवडाभर लावायचं. बायका घरच्यांचे फोन धुंडाळून आणायच्या. किल्ल्याचं, भुताचं, मासे पकडायचं, काय काय असायचं. अक्काला मात्र लढाईचंच आवडायचं. ढोल बडवल्यासारखं. शबानानं एकदा फार गोड, पेटीसारखं काहीतरी आणलं होतं. अक्कानं कात्री आपटली. शबाना चिडून म्हणाली, "क्या अक्का, कानां में रुई घाले क्या?" अक्का म्हणाली, "रुई असती तर दोन मार्क दिले असते."

मला ती "पिल्ला" म्हणायची. त्यांच्यात पोरीला तसं म्हणतात. पण तिच्या तोंडी त्यात माया नव्हती. मी कमी बोलते हे तिला खुपायचं. "मिठाची गुळणी धरलीस का? आज काय भाजी, ते तरी सांग की." मी सांगितलं तर म्हणायची, "वास आला होताच." बायका हसायच्या. मी मान खाली घालून कड शिवायची आणि मनात तिला जे म्हणायची ते इथं लिहिणार नाही.

मी एकच गेम खेळते. त्यात सुरुवातीला एक गाव आहे. विहीर, कोंबड्या, वेशीवर एक म्हातारा. तो इंग्रजीत काहीतरी विचारतो. त्याला बरोबर उत्तर दिलं तर वेस उघडते. चौथीपर्यंतच्या शाळेत मला तेवढं इंग्रजी आलं नाही, त्यामुळे तो मला दर वेळी परत पाठवतो. म्हणून त्या गावात जे बासरीसारखं संगीत वाजतं ते मी इतकं ऐकलं आहे की ते मला माझंच वाटतं. माझी पाळी आली तेव्हा मी तेच लावलं.

कात्री आपटली. "ह्याच्या फुडं काय हाय?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

"लगीन करून सोलापुरात आलीस ती ह्या खुर्चीत बसलीस. गेमातबी पैल्याच गावात बसलीस व्हय? शून्य."

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं गंगव्वा हसली.

पुढच्या पाळीला मी पुन्हा तेच लावलं. त्याच्या पुढच्या पाळीलाही. मला तोंडानं भांडता येत नाही, म्हणून मी तसं भांडले. बायका म्हणायच्या, अगं, दुसरं आण. माझं एवढंच होतं, की एकदा तरी हे गाव शेडमध्ये पुरतं वाजावं. अक्का दर वेळी आधीपेक्षा लवकर कात्री आपटायची. एकदा गंगव्वाला म्हणाली, "ही मुकी न्हाई. हट्टी हाय, लई हट्टी." ते कौतुक होतं असं शबानाला वाटतं. मला नाही वाटत.

मग अक्काच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. तेही तिनं सरळ सांगितलं नाही. "ए पिल्ला, रिकामीच बसलीस, दोरा घाल," असं म्हणून तिच्या मशीनच्या सुईकडं बोट करायची. मी रिकामी कधीच नसायची. मी दोरा घालून द्यायची आणि ती "उशीर केलास" म्हणायची. शेवटी लेकीनं तिला भिवंडीला बोलावून घेतलं.

जायच्या दिवशी तिनं स्पीकर माझ्या टेबलावर ठेवला. "तुला आवाज न्हाई, म्हनून देते. बाकीच्यांना लई हाय."

मी पहिल्यांदाच तिला आपणहून काही विचारलं. "माझं एकदाबी पुरं का वाजू दिलं न्हाई, अक्का?"

"मी कानानं मार्क देत न्हाई. हातानं देते," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली. मागं वळून पाहिलं नाही. मीही दारापर्यंत गेले नाही.

सोमवारी शबाना म्हणाली, "लाव गं आता तुझं गाव. कोण अडवतंय?" मी लावलं. बासरी सुरू झाली, कोंबड्यांचा आवाज आला, आणि अक्का जिथं कात्री आपटायची ती जागाही निघून गेली. पुढचं संगीत शेडमध्ये कुणी ऐकलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की शेडमध्ये फक्त बासरीच ऐकू येते आहे. मशीनचा आवाजच नाही. गंगव्वा मांडीवर टॉवेल घेऊन दाराबाहेर बघत बसली होती. शबानाचा पाय पॅडलवर होता, पण ती दाबत नव्हती. माझ्या सुईखालची कडही अर्ध्यावरच होती. हात कधी थांबले ते मला कळलं नव्हतं.

मी कात्री उचलून टेबलावर आपटली.

"शून्य!"

माझा एवढा मोठा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. शबानानं स्पीकर बंद करायला हात पुढं केला.

"बंद करू नको," मी म्हणाले. "पुरं वाजू दे. मग लढाईचं लाव."