जूनमध्ये न तापणारी मशीन

अकोल्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एखादी वस्तू गरम होत नाही, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग हाकलून दिलं असतं. खुर्ची गरम, नळाचं पाणी गरम, स्टॅम्पपॅडसुद्धा गरम. आणि आमच्या शाळेच्या ऑफिसातली झेरॉक्सची मशीन मात्र सकाळी साडेदहापासून एकच पाटी दाखवत बसली होती: 'वॉर्मिंग अप. प्लीज वेट.'

मी त्या ऑफिसात मुख्य लिपिक, अठ्ठावीस वर्षांपासून. या शाळेत अक्कल माझ्या टेबलापर्यंत येते आणि तिथेच थांबते, हे माझं जुनं मत आहे आणि ते मी तोंडावर बोलून दाखवते. मागून लोक काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. पण कागद हवा असला की सगळे माझ्याच खिडकीशी येतात.

त्या दिवशी खिडकीशी हिवरखेडची एक बाई आली होती. घरची थोडी शेती, भाजीपाला काढून विकायचा. नवरा लहानपणी मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकलेला. मुलीचा नंबर अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात लागला होता आणि कागद तपासायचा शेवटचा दिवस तोच, संध्याकाळी पाचपर्यंत. बाकी सगळं जमलं होतं. बापाची नोंद असलेल्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची, तेवढीच राहिली होती. मुलगी तिकडे रांगेत उभी आणि आई इकडे.

"मॅडम, एक वाजेलोक भेटन ना जी? मंग अमरावतीची गाडी धरा लागते."

"मशीन गरम झाली की भेटेल."

"कवा होईन गरम?"

"ते मशीनला विचारा," मी म्हटलं.

शिपाई कामाला लागला. म्हणजे त्यानं मशीनला दोन थापा मारल्या. मग कागद काढून, फडफडवून परत घातले. मग शाईचा डबा काढून असा हलवला की शर्ट काळा झाला. शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "दसऱ्याले हार नाई घातला ना हिले, म्हनून."

"हार मी तुम्हालाच घालते आता," मी म्हटलं.

"नाई मॅडम, तसं नाई. तुमी येयाच्या आधी बराबर चालते. कालबी सकाळी मी दोन कागद काढले."

"म्हणजे मी आले की बिघडते?"

तो शर्टावरची शाई पुसायला लागला. असल्या उद्धटपणाला मी उत्तर देत नाही.

मग मेकॅनिकला फोन लावला. तो अमरावतीला असतो आणि कायम मोर्शीला निघालेला असतो. "बंद करून चालू करा," म्हणाला. केलं. "आता काय दाखवून राहिली?" म्हटलं, वॉर्मिंग अप. "मंग थांबा थोडं." अहो, एवढं सांगायला तुम्ही कशाला हवे, ते तर मशीनच सांगते आहे! मी फोन आपटला.

आवाज ऐकून मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, केबिनमधून बाहेर आले. चष्मा पुसून पडद्यावर वाकले, पाटी मोठ्यानं वाचली आणि आम्हाला मराठीत समजावलं, "गरम होत आहे." आणि एसीत परत गेले. एम.ए., एम.एड.!

साडेबारा झाले. बाई परत खिडकीशी आली. "मॅडम, बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन आनू का? तुमचा मानूस संग येऊ द्या."

"रजिस्टर ऑफिसच्या बाहेर जात नाही."

"मंग मोबाईलवर फोटू..."

मी काचेवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. एका वर्षी रजिस्टरचं एक पान फाटून परत आलं होतं, तेव्हा तो नियम मीच लिहिला होता. रजिस्टर बाहेर नाही, फोटो नाही. त्या सूचनेचा मला अभिमान होता.

बाई हलेना. ती मशीनकडे नाही, माझ्या पाठीमागे पाहत होती. तिथे माझा कूलर होता. सरांना एसी आला तेव्हा त्यांचा जुना कूलर मी भांडून मिळवला होता आणि ऑफिसात गारवा होता तो तेवढ्याच कोपऱ्यात.

"मॅडम, एक सांगू का? आमच्या वावरात..."

"बाई, वावराचं वावरात. तुम्ही बाकावर बसा."

ती बसली. पिशवी मांडीवर घेऊन, घड्याळाकडे बघत.

दीड वाजता मी डबा उघडला. पहिला घास तोंडात आणि ही बाई अर्धं दार ढकलून सरळ आत! माझ्या मागे गेली आणि कूलरचं बटन बंद केलं.

"ओ बाई! कोणाला विचारून?"

"माफ करा जी. पन आता टाईमच नाई माह्याजवळ." घाम पुसत ती म्हणाली, "आमच्या वावरात शेजाऱ्यानं मोटार लावली का आमची मोटार नुसती गुरगुरते, पानी ओढत नाई. एका तारेवर दोघं कसे चालतीन?"

विहिरीवरची मोटार आणि ऑफिसातलं यंत्र यातला फरक मी तिला समजावणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सकाळपासून मिचमिचणारी ट्यूबलाइट स्थिर झाली. चार-पाच मिनिटांत मशीनमधून सर्रकन आवाज आला आणि हिरवा दिवा लागला.

"झाली," शिपाई म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मी वाकून पाहिलं. कूलर आणि मशीन, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि बोर्डाची वायर सुतळीएवढी. त्याच आठवड्यात तो प्लग मीच तिथे खोचला होता. 'वेगळी लाइन घ्या लागते मॅडम,' असं हाच शिपाई म्हणाला होता आणि 'मला शिकवू नका' असं मी म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की डबा तसाच झाकून ठेवला.

झेरॉक्स निघाली, मी शिक्का मारला, सरांनी ओळन्‌ओळ वाचून सही केली. सव्वादोन वाजले. बाई दारापर्यंत धावत गेली, तिथून वळून म्हणाली, "लावून घ्या आता कूलर. तुमाले भल्ली गरमी होऊन राहिली असन."

जुलैत ती परत आली, त्याच पानाची दुसरी झेरॉक्स घ्यायला. त्या दिवशी ती कॉलेजात पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि खिडकी बंद झाली होती. मुलीची जागा गेली. आता दुसऱ्या फेरीत यवतमाळच्या पलीकडे कुठंतरी नंबर लागला होता. "अमरावतीले माही बहीन हाये, तिच्याकडं राह्यली असती," बाई म्हणाली. "आता तिकडं कोनीच नाई आमचं."

कूलर मी तोवर काढून टाकला होता. मशीन दोन मिनिटांत तयार झाली.

काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरं तर निम्मा दोष तिच्या पदरात टाकता आला तर पाहावा म्हणून, मी विचारलं, "तुम्हाला समजलं होतं, तर आधीच का नाही बंद केला कूलर?"

तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली.

"तुमी बसा म्हनलं होतं ना जी," ती म्हणाली.

टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं. पण मी विचारलं होतं, तेवढंच तिनं सांगितलं होतं.