‘वाटाड्या’तलं एक नाव

सत्यशीलेचं कुणाशी फार दिवस जमत नसे. तिची मावशी सुलाबाई म्हणायची, "हिच्या नाकावर राग न्हाई, रागावर नाक हाय." सुलाबाई परभणीच्या एका दवाखान्यात आया होती आणि सत्यशीला तिच्याकडेच राहायची. वडील सीताराम पेडगावला प्राथमिक शिक्षक. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन मराठवाडा पेटला तेव्हा, त्यांच्या ओसरीत दुसऱ्या गावचे नातेवाईक गाठोडी घेऊन येऊन राहिले होते. त्यांची घरं जळाली होती. सत्यशीला तेव्हा नऊ वर्षांची होती. पाहुण्यांतली एक म्हातारी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि ताट पुढं केलं की ढकलून द्यायची. सत्यशीलेला त्या म्हातारीची दया आली नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळलं नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर दिनकररावांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागली. दिनकरराव जमीनदार घरातले, बोलायला गोड. क्लास स्टेशनजवळ, वरच्या मजल्यावर. बाहेर चपला काढायच्या, मग काचेच्या दारातून आत. मुलींची बॅच सुरू करायची म्हणून त्यांना बाई शिक्षिका हवी होती. मुख्य शिक्षक रंगनाथ. तो पुण्यात शिकून, तिथंच नोकरी करून परत आलेला होता आणि का परत आला हे कुणाला सांगत नव्हता. सत्यशीलेची नेमणूक त्याला न विचारता झाली, एवढं त्याला चिडायला पुरेसं होतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "तुम्ही टायपिंग घ्या, मॅडम. बाकीचं मी बघतो."

"मी टायपिंग शिकवायला आले नाही," ती म्हणाली.

"मग काय शिकवायला आलात तेही कळेल."

रंगनाथ कामाचा माणूस होता, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. त्यानं पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेत एक गेम केला होता. चित्रं नाहीत, नुसती हिरवी अक्षरं. एक वाटसरू ओसाड गढीकडं निघतो, वाटेत माणसं भेटतात, पाणी लागतं, दार लागतं. खेळणाऱ्यानं ‘उत्तरेला’, ‘घे’, ‘बोल’ असे शब्द टाइप करायचे. खरी करामत वेगळीच होती. गेममधल्या माणसांनी काय बोलायचं, काय करायचं हे लिहायला रंगनाथनं स्वतःची छोटी भाषा बनवली होती. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी: धर, जर, दाखव. तिचं नाव ‘वाटाड्या’. ज्याला पास्कल येत नाही तोही त्यात एखादं पात्र लिहू शके. फेब्रुवारीतल्या उरुसात क्लासचा स्टॉल लावायचा आणि तिथं हा गेम ठेवायचा, असं दिनकररावांनी ठरवलं. पात्रं लिहायचं काम सत्यशीला आणि आश्रुबा यांच्याकडे आलं. आश्रुबा हा बी. एस्सी. झालेला, रंगनाथच्या मागं मागं फिरणारा विद्यार्थी.

पहिल्या आठवड्यातच भांडण झालं. विहिरीवरची बाई वाटसरूला कळशी देते, तेव्हा ‘कळशी’ हे नाव वाटाड्याच्या यादीत जायचं आणि त्यात किती पाणी आहे तो आकडा त्यापुढं राहायचा. पण खेळणारा विहिरीवर न जाता थेट गढीवर गेला, तर गढीचा राखणदार कळशीत पाणी किती ते विचारायचा. कळशी अजून यादीतच नाही. वाटाड्या तिथंच थांबायचा, पडद्यावर यायचं: ‘नाव सापडले नाही: कळशी’. गेम बंद.

"सर, नाव आहे का नाही, एवढं आधी विचारायची सोय करा," सत्यशीला म्हणाली. "‘आहे’ असा एक शब्द द्या. असलं तर पुढं विचारू, नसलं तर राखणदार दुसरं काही बोलेल."

"नाही देणार."

"का?"

"उद्या कुणी ‘कळशी’ऐवजी ‘कळसी’ लिहिलं, की तुमचं ‘आहे’ गुपचूप ‘नाही’ म्हणून मोकळं होईल. चूक कधी सापडायचीच नाही. आता निदान थांबतं तरी. आणि खेळणाऱ्यानं आधी विहिरीवर जावं, सरळ आहे."

"तुम्ही त्याला चारी दिशा दिल्यात. तो कुठंही जाईल."

"भाषा माझी आहे, मॅडम."

तिनं त्याला न विचारता वेगळी वाट काढली. गेमच्या सुरुवातीलाच सगळी नावं लिहून त्यांची किंमत शून्य करून टाकली, आणि शून्य असेल तर विहिरीवरची बाई कळशी देईल असं लिहिलं. थांबणं बंद झालं. ती दोन दिवस खुशीत होती. मग एका दुपारी रंगनाथनं सगळ्या मुलांना गोळा केलं आणि तिच्यासमोरच गेम चालवला. वाटसरूनं कळशी घेतली, पाणी पिऊन संपवलं, पुन्हा विहिरीवर गेला. बाई म्हणाली, "पाहुण्या, कुठून आलास? ही घे कळशी." पुन्हा पाणी संपवलं, पुन्हा कळशी. वाटसरूकडं कळशांचा ढीग झाला.

"रिकामी कळशी आणि नसलेली कळशी यातला फरक मॅडमना ठाऊक नाही," रंगनाथ म्हणाला. "आणि या तुम्हाला शिकवणार!"

मुलं हसली. आश्रुबा सगळ्यांत मोठ्यानं. सत्यशीलेच्या कानशिलांवर रक्त चढलं, कारण तो बरोबर बोलत होता. तरी ती म्हणाली, "हाच फरक विचारायला मी शब्द मागितला होता. तो दिला नाहीत म्हणून शून्यावर भागवावं लागलं."

"बहाणे नकोत," म्हणून त्यानं तिची शून्यं पुसून टाकली. स्टॉलवर मुलांनीच खेळून दाखवायचं, बरोबर क्रमानं, असा हुकूम निघाला.

चौदा जानेवारीला नामांतर झालं. शहरात कुठं गुलाल होता, कुठं अर्धी शटरं ओढलेली. चौकात पोलीस बसलेले. दुसऱ्या दिवशी सीतारामगुरुजी पेडगावहून पेढे घेऊन आले. "क्लासात वाट," म्हणाले. सुलाबाईनं हात जोडले. "भावजी, तिथं नका पाठवू. त्या लोकायची तोंडं बघितली न्हाईत तुमी."

"तोंडं बघायलाच नेते," सत्यशीला म्हणाली.

तिनं पुडा टेबलावर उघडून ठेवला. दिनकररावांनी डायबेटिस सांगितला. मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. संध्याकाळपर्यंत एकच पेढा गेला होता आणि तोही तिनंच खाल्ला होता. रंगनाथ पुड्याकडं न बघता म्हणाला, "नाव बदलून काय होतं? इमारत तीच, मास्तर तेच."

"काही होत नाही तर तुमच्या पोटात कशाला दुखायलंय?"

"क्लासात राजकारण नको," दिनकरराव गोड आवाजात म्हणाले. ते तिच्याकडं बघून म्हणाले, त्याच्याकडं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या बॅचमधल्या निम्म्या मुली ‘वेळ जमत नाही’ म्हणून रंगनाथच्या बॅचमध्ये गेल्या.

उरुसाच्या दोन-तीन दिवस आधी तिनं तयार झालेला गेम शेवटचा चालवून पाहिला. देवळाच्या पायरीवर एक नवं पात्र बसलेलं होतं. भिकारीण. नाव ‘सत्या’. वाटसरू जवळ गेला की ती म्हणायची, "नाव द्या हो मायबाप, मला कुणी नाव द्या." खेळणाऱ्यापुढं दोन पर्याय: नाव दे, नाहीतर लाथ मार. लाथ मारली की गुण वाढत होते.

तिनं ते दोनदा वाचलं. मग फ्लॉपी तशीच मशीनमध्ये ठेवून ती रंगनाथसमोर जाऊन उभी राहिली. "हे कुणी लिहिलं?"

"मी नाही."

"वाचलं होतं?"

तो हजेरीचं पान उलटायला लागला.

"हसला होता?"

"आश्रुबाची गंमत आहे. एवढं मनावर घ्यायचं नसतं."

"तुमच्या आईचं नाव घालून बघू का, किती गंमत येते?"

"तोंड सांभाळा!" रंगनाथ खुर्ची मागं ढकलून उठला. दिनकरराव केबिनमधून धावत आले. त्यांनी दोघांनाही गप्प केलं, आणि गेमचं उरूस झाल्यावर बघू असं म्हणाले. सत्यशीला मशीनकडं वळली. जाऊन ते पात्र तिनं मुळापासून पुसलं. मग तशीच तणतणत ती घरी गेली. बाकीच्या पात्रांच्या तोंडी ते नाव आहे का, हे तपासायचं तिला सुचलं नाही.

उरुसात, आकाशपाळणे आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मधल्या ओळीत, क्लासचा स्टॉल लागला. जनरेटरची धडधड, मावा जिलेबीचा वास, आणि कॉम्प्युटर बघायला उसळलेली गर्दी. आश्रुबा खुर्चीवर बसून ठरलेल्या क्रमानं खेळत होता आणि मोठ्यानं वाचून दाखवत होता. वाटसरू विहिरीवरून गढीच्या दाराशी पोचला आणि गेम थांबला. ‘नाव सापडले नाही: सत्या.’

"कोण सत्या?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. दिनकररावांचा चेहरा उतरला. रंगनाथनं आश्रुबाला उठवलं, स्वतः बसला आणि राखणदाराची ओळ शोधायला त्याचं लिखाण पडद्यावर उघडलं. घाईत त्याच्या लक्षात आलं नाही की पडदा लोकांकडं आहे. पुढं उभा असलेला एक मास्तरछाप माणूस, कोटाला निळी फीत लावलेला, इंग्रजी अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचू लागला: "सत्याला... लाथ... मारलीस. शाब्बास. नाव मागणाऱ्याला... हेच पायजे. आत ये."

मागचे लोक पडद्याकडं वाकले. मग त्या माणसानं विचारलं, "हे काय लिहिलंय? कुणाबद्दल लिहिलंय?"

नामांतराला तीन आठवडेही झाले नव्हते. निळ्या फितीवाले आणखी चार-पाच जण पुढं सरकले. कुणीतरी टेबलाचा पाय ओढला. आश्रुबा कनातीकडं सरकत होता. दिनकरराव सत्यशीलेच्या कानाशी कुजबुजले, "तुम्ही काहीतरी बोला. तुमचे लोक आहेत."

ती त्यांच्याकडं अशी बघायला लागली की ते एक पाऊल मागं गेले.

मग ती पुढं येऊन गर्दीला म्हणाली, "सत्या म्हणजे मी. मी इथं शिकवते. हे यानं लिहिलं." तिनं आश्रुबाकडं बोट केलं. "यानं वाचलं आणि ठेवलं." रंगनाथकडं. "यांनी उरूस झाल्यावर बघू म्हटलं." दिनकररावांकडं. "मशीन फोडू नका. मशीननंच दाखवलं तुम्हाला. आणि या आश्रुबाला मारू नका. याला बसवा इथं. यानंच शोधायचं आणि यानंच पुसायचं, तुमच्या डोळ्यादेखत."

निळ्या फितीच्या माणसानं आश्रुबाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. आश्रुबानं एकेक पात्र उघडलं. राखणदारात होतं, तेल्यात होतं, गुराख्यात होतं. प्रत्येक ओळ पुसताना तो माणूस विचारायचा, "आता?" आणि आश्रुबा "पुसली" म्हणायचा. त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तो सत्यशीलेकडं वळून म्हणाला, "मॅडम, माफ करा."

"नाही करणार," ती म्हणाली.

गर्दी हलली नाही. निळ्या फितीवाला म्हणाला, "आता आमी खेळतो." तो बसला आणि त्यानं विहीर सोडून थेट गढीची वाट धरली. ‘नाव सापडले नाही: कळशी.’ पुन्हा बंद. आता लोक चिडून ओरडायला लागले, यातही काहीतरी लपवलंय असं म्हणायला लागले.

सत्यशीला रंगनाथला म्हणाली, "द्या तो शब्द आता."

रंगनाथनं खिशातून पास्कलची फ्लॉपी काढली. तो तिच्याकडं पाठ करून बसला आणि वाटाड्याच्या पोटात शिरला. नाव शोधायचं तेच काम, फक्त सापडलं नाही तर थांबायचं नाही, ‘नाही’ एवढंच सांगायचं. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ती मागं उभी राहून एकेक ओळ बघत होती.

"तिथं यादीतलं शेवटचं नाव सुटतंय," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग दुरुस्त करा."

त्यानं दुरुस्त केलं. मग तिनं त्याला उठवलं आणि राखणदाराची ओळ स्वतः लिहिली: जर कळशी आहे, तर पाणी विचार, नसेल तर म्हण, "आधी विहिरीवर जा." निळ्या फितीवाला पुन्हा थेट गढीवर गेला. राखणदारानं त्याला विहिरीवर धाडलं. गर्दीतून एक शिटी वाजली. लोक पांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी तिला बोलावलं आणि क्लासचं वातावरण बिघडलं, उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. "बिघडलं नाही, उघडं पडलं," ती म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली. आश्रुबाला त्यांनी ठेवून घेतलं. रंगनाथनं वाटाड्यातला ‘आहे’ पुढं मुलांना शिकवला, हे तिला तिच्याच एका विद्यार्थिनीकडून कळलं. कुणी मागितला होता हे त्यानं कधी सांगितलं नाही. ती दोघं पुढं एकदा बसस्टँडवर समोरासमोर आली. दोघांनीही मान फिरवली.

जूनमध्ये तिला सेलूला काम मिळालं. सरजाबाई नावाची एक विधवा कापूसबाजाराजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायची आणि तिनं नुकताच एक कॉम्प्युटर घेतला होता. त्याआधी सत्यशीलेला दोन घरमालकांनी जात विचारून खोली नाकारली होती, म्हणून ती आली तीच फणफणत.

"कॉम्प्युटर इथं ठेवायचा नाही," ती दारातूनच म्हणाली. "कापसाच्या जिनिंगची सगळी धूळ आत यायली. खिडकी बंद करा."

"खिडकी बंद केली तर पोरी गुदमरून मरतील," सरजाबाई टाइपरायटरची फीत बदलत म्हणाली. "कोण तू?"

"मी शिकवायला आले."

"मग शिकव. घर माझं हाय. खिडकी उघडी राहील."

"मग मशीन आतल्या खोलीत न्या."

"आतल्या खोलीत माझी चूल हाय!"

तास संपून टायपिंगच्या मुली घरी गेल्या तरी या दोघींच्या भांडणाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. शेवटी सरजाबाई करवादत उठली, चूल पडवीत हलवायला कुणाला बोलवायचं ते पुटपुटली आणि आतल्या खोलीतली भांडी उचलायला लागली. सत्यशीला मदतीला पुढं झाली, तर सरजाबाई म्हणाली, "राहू दे, राहू दे. तू तुझं यंत्र उचल आणि आत आण."